बांधावरचा शब्द



आजचा विषय सांगितला तर तुम्ही हसाल. इंग्रजी वाक्यात ‘रेग्युलरली’ हा शब्द कुठे बसवायचा, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला बँकेची पावती वाचताना नाकी नऊ येतात आणि तुम्ही इंग्रजीचं व्याकरण काय काढून बसलात! पण या एका शब्दावरून आमच्या गटाच्या दोन बैठका भांडणात गेल्या. अकरा वर्षं गटात असलेली आमची एक मैत्रीण पासबुक सतरंजीवर टाकून उठून गेली. म्हणून हे सांगायचं ठरवलं.

झालं असं. आमच्या गटात आम्ही बाराजणी. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेने गटाला मिरची-मसाला कांडपाचं यंत्र दिलं. यंत्र गटाचं, पण वापरणाऱ्या बारा. आणि मसाल्याचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. होळी झाली की मिरची वाळायला पडते आणि मिरगाच्या आत घरोघरचा मसाला डब्यात गेलेला असतो. त्या दोन-अडीच महिन्यांत जिचा नंबर आधी लागेल, तिच्याकडे गावातल्या ऑर्डरी आधी येतात. नंतर यंत्र रिकामं असलं तरी त्याचा उपयोग काय? म्हणून नंबर कुणाचा आधी, याचा नियम हवा होता.

नियम आम्ही बैठकीत ठरवला आणि इतिवृत्ताच्या वहीत मराठीत लिहिला. ‘ज्या सदस्या नियमित बचत भरतात, त्यांचा नंबर आधी.’ साधं, सरळ. पण संस्थेच्या लोकांना मराठी येत नव्हतं. त्यांच्या करारात नियम इंग्रजीतून हवा होता. गटात बीए झालेली एकच, हे बोलणारी. वाक्य तिच्या हातचं, पण सह्या सगळ्यांच्या, म्हणून दोष आम्ही सगळ्यांनी वाटून घेतला आहे. वाक्य असं होतं, हळू ऐका: ‘मेंबर्स हू पे सेव्हिंग्ज रेग्युलरली गेट द फर्स्ट टर्न.’ टर्न म्हणजे आपला नंबर. संस्थेने कागद प्लास्टिकमध्ये घालून पाठवला, आम्ही तो यंत्राच्या खोलीत भिंतीला लावला. इंग्रजी कागद भिंतीवर आहे याचं कौतुकही वाटलं, खोटं कशाला सांगायचं.

आता आमच्या त्या मैत्रिणीचं सांगतो. तिला आपण आक्का म्हणू. आक्का आणि तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास मुकादमाची गाडी आली की निघायचं, आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत. पाच-सहा महिने गावात नाही. महिन्याची शंभर रुपये बचत तिकडून कोण भरणार? ती परत आली की पहिल्या बैठकीला सगळी थकलेली बचत दंडासकट एकदम भरते. त्या वर्षीही तिने तसंच केलं. परत आली तेव्हा मसाल्याचा हंगाम भरात होता. ती म्हणाली, माझा नंबर लावा. आम्ही म्हणालो, आक्का, तुझी बचत नियमित नव्हती. ज्यांची नियमित आहे त्यांचं होऊ दे, मग तुझा.

तिचा मुलगा बारावीला. तो आईबरोबर आला आणि भिंतीवरचा कागद वाचून म्हणाला, “यात असं लिहिलेलं नाही. यात लिहिलंय, ज्या सदस्या बचत भरतात, त्यांना पहिला नंबर नियमित मिळतो. आईने बचत भरलेली आहे.”

आम्ही त्याच्यावर चिडलो. मग वाक्य पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. आणि गप्प बसलो, कारण पोराचं खोटं नव्हतं.

मैत्रिणींनो, तुमच्याआमच्या शेताला बांध असतो. बांधावर आंब्याचं झाड असलं की भांडण ठरलेलं. इकडचा म्हणतो झाड माझं, तिकडचा म्हणतो माझं. झाड काही बोलत नाही, ते मध्ये उभं. आमचा ‘रेग्युलरली’ तसा बांधावर उभा होता. त्याच्या एका बाजूला ‘पे’, म्हणजे भरणे. दुसऱ्या बाजूला ‘गेट’, म्हणजे मिळणे. दोन्ही क्रियापदं. आता हा ‘नियमित’ कुणाचा? नियमित भरणाऱ्या, की नियमित मिळणारा? वाक्य दोन्हीकडे जातं. व्याकरणात चूक एकही नाही, स्पेलिंग बरोबर, आणि अर्थ दोन.

आपल्या मराठीत असं का झालं नाही? आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि ‘नियमित’, ‘वेळेवर’, ‘कधीच’, ‘नेहमी’ असले शब्द त्याच्या आधी येतात. ‘ज्या नियमित बचत भरतात’, इथे ‘भरतात’ आलं की ‘ज्या’चं घर बंद झालं. मग ‘त्यांचा’ म्हणून दुसरं घर सुरू. मराठीत ‘ज्या’ आणि ‘त्या’ अशा जोडीने चालतात, दोन दारांना दोन उंबरे असावेत तशा. ‘नियमित’ पहिल्या उंबऱ्याच्या आत आहे, त्याला बाहेर पडता येत नाही. आणि दुसरी रीत तर त्याहून सोपी. ‘ज्या’ही नको आणि ‘त्या’ही नको: ‘नियमित बचत भरणाऱ्या सदस्या’. आपल्या आज्यांनी शाळा पाहिली नाही, पण ‘येता-जाता भांडणारी’, ‘कधी न रुसणारी’ असं त्या अचूक बोलायच्या.

इंग्रजीत ‘भरणाऱ्या’सारखं जोडकाम कमी. तिकडे आधी माणूस सांगतात, मग ‘हू’ लावून त्या माणसाचं वर्णन करतात. मेंबर्स, हू… सदस्या, ज्या… आणि हे वर्णन वाक्याच्या मधोमध येतं. ते कुठे संपलं आणि मुख्य वाक्य कुठे सुरू झालं, हे सांगायला आपल्या ‘त्या’सारखा शब्द नाही. क्रियापदही शेवटी जात नाही, ते मध्येच येतं, आणि त्याच्या मागे जे लिहाल ते पुढच्या क्रियापदाला जाऊन चिकटू शकतं.

उपाय काय? संस्थेच्या ज्या ताई आमच्याशी बोलत, त्यांना फोन केला. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, “दोन्ही अर्थ होतात. तुम्हाला कुठला हवा आहे? ‘रेग्युलरली’ क्रियापदाच्या पुढे घ्या.” म्हणजे ‘हू’ आणि ‘पे’च्या मध्ये: ‘मेंबर्स हू रेग्युलरली पे सेव्हिंग्ज गेट द फर्स्ट टर्न.’ बघा, झाड बांधावरून उचलून सरळ आपल्या वावरात लावलं. आता त्याच्या अलीकडे ‘हू’, पलीकडे ‘पे’. ‘गेट’ला त्याच्यावर हक्क सांगता येत नाही.

मैत्रिणींनो, ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी आजच्या बोलण्याचं चीज झालं. ‘हू’ आल्यावर लगेच ‘नियमित, नेहमी, कधीच नाही, क्वचित, बहुतेक वेळा’ असा शब्द, आणि मग क्रियापद. हू ऑल्वेज कम, ज्या नेहमी येतात. हू नेव्हर कम, ज्या कधीच येत नाहीत. हू युज्वली कम लेट, ज्या बहुतेक वेळा उशिरा येतात. अशा आमच्यात दोघी आहेत, त्या आत्ता ऐकत असतील. आणि गंमत अशी, की ही रीत आपल्या मराठीला जवळची आहे. आपणही ‘नेहमी येतात’ म्हणतो, ‘येतात नेहमी’ नाही. म्हणजे इथे इंग्रजी आपल्याच वाटेने चालते आणि आम्ही शहाणपणा करून शब्द मागे नेऊन ठेवला.

शब्द मागे ठेवला तर दरवेळी घोटाळा होतो असं नाही. वर्णन जर वाक्याच्या अगदी शेवटी आलं तर काही बिघडत नाही. ‘द फर्स्ट टर्न इज फॉर मेंबर्स हू पे रेग्युलरली.’ पहिला नंबर नियमित भरणाऱ्यांना. इथे ‘रेग्युलरली’च्या पुढे शेतच नाही, गावाची शीव आली. भांडायला कोण येणार? आणि ‘गेट’च्या आधी ‘विल’ घातलं, ‘हू पे रेग्युलरली विल गेट’ असं केलं, तरी भांडण बहुतेक मिटतं. ते ‘विल’ हद्दीच्या दगडासारखं मध्ये उभं राहतं.

आता एक सावधगिरी. हे कळल्यावर आमच्यातल्या एकीने उत्साहाने सगळेच शब्द क्रियापदाच्या आधी न्यायला सुरुवात केली. ‘हू यस्टरडे केम.’ जी काल आली. मराठीत बरोबर, इंग्रजीत ऐकणाऱ्याचा कान अडखळतो. काल, उद्या, इथे, तिथे हे शब्द तिकडे मागेच बसतात: ‘हू केम यस्टरडे’. ‘चांगलं’सुद्धा मागे: ‘हू कुक्स वेल’, जी चांगला स्वयंपाक करते. ‘हू वेल कुक्स’ नाही. ‘कितीदा’ याचं उत्तर देणारे शब्द आधी, ‘केव्हा, कुठे’ याचं उत्तर देणारे मागे, एवढा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही.

या आधी-मागेची सगळ्यात मोठी फजिती ऐका. गटातल्या एकीला शहरातल्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळणार होतं. आम्ही शिफारसपत्र दिलं. बाई कष्टाळू आहे, खूप मेहनत करते, असं लिहायचं होतं. मेहनतीने काम करणे म्हणजे ‘वर्क हार्ड’, एवढं ठाऊक होतं. मराठीत ‘नियमित’चं ‘नियमितपणे’ होतं, तसं इंग्रजीत ‘रेग्युलर’चं ‘रेग्युलरली’ होतं. मग ‘हार्ड’चं ‘हार्डली’ होणार, आणि ते क्रियापदाच्या आधी जाणार. लिहिलं: ‘शी इज अ वुमन हू हार्डली वर्क्स.’ सही, शिक्का, पाठवलं. दोन दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन, “तुम्ही हिला खरंच पाठवताय ना?” कारण ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. जी बाई पहाटे चारला उठून तीस माणसांचं जेवण करू शकते, तिच्याबद्दल आम्ही लिहून दिलं होतं की ही बाई काम असं करतच नाही! ‘हू वर्क्स हार्ड’ हवं होतं. ‘हार्ड’ला ‘ली’ न लावता, क्रियापदाच्या मागे. काम तिला मिळालं. पण ती अजून चिडवते, मी हार्डलीवाली.

लिहिण्याचं झालं. पण आपल्यापैकी बहुतेकींना इंग्रजी लिहावं कमी लागतं, समोर येतं जास्त. फॉर्मवर, कर्जाच्या कागदावर, विम्याच्या अर्जावर. तिथे हेच छोटे शब्द ‘हू’च्या मागे लपलेले असतात, आणि आपण मोठे शब्द वाचून यांना ओलांडून जातो. ‘हू इज करंटली रिपेइंग अ लोन’, जी सध्या कर्ज फेडते आहे. ‘हू हॅज ऑलरेडी रिपेड अ लोन’, जिने कर्ज आधीच फेडलं आहे. ‘हू हॅज नेव्हर टेकन अ लोन’, जिने कधीच कर्ज घेतलेलं नाही. तिन्हींत कर्ज आहे, तिन्हींत बाई आहे. फरक तेवढ्या ‘करंटली’, ‘ऑलरेडी’, ‘नेव्हर’चा. आणि बघा, इथे मदतीचं क्रियापद, म्हणजे ‘इज’ किंवा ‘हॅज’, आधी येतं, मग हा छोटा शब्द, मग खरं क्रियापद. दोघांच्या मध्ये तो पोरासारखा बसलेला असतो.

आमच्या शेजारच्या गटातल्या एकीने एका अर्जावर असंच ‘करंटली’ ओलांडून ‘होय’वर खूण केली. कर्ज तिने दोन वर्षांपूर्वीच फेडलं होतं. कर्ज घेतलं होतं हे खरं, म्हणून तिने प्रामाणिकपणे ‘होय’ म्हटलं. कागदावर ती चालू कर्जदार ठरली आणि अर्ज बाजूला पडला. पुन्हा नवा अर्ज, पुन्हा फोटो, पुन्हा झेरॉक्स, पुन्हा तालुक्याला हेलपाटा, दोन दिवसांची मजुरी बुडाली. म्हणून आम्ही गटात रीतच केली आहे. इंग्रजी कागद आला की ‘हू’ शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि पुढचे तीन-चार शब्द कुणाला तरी विचारून घ्यायचे, मगच खूण. विम्याच्या अर्जावर तर ‘एव्हर’ असा शब्द असतो, ‘हू हॅज एव्हर’. म्हणजे आयुष्यात कधीही. सध्या बरं आहे म्हणून ‘नाही’ लिहून चालत नाही. तिथे दहा वर्षांपूर्वीचं ऑपरेशनही सांगावं लागतं. पुढे दाव्याच्या वेळी हाच शब्द काढून दाखवतात.

आणि ‘ओन्ली’! याच्यावर तर वेगळा कार्यक्रम करावा लागेल. आपण इंग्रजी बोलताना आपला ‘च’ ओन्लीच्या रूपाने मागे लावतो. टुडे ओन्ली, आजच. हियर ओन्ली, इथेच. बोलताना चालतं. पण नियमात लिहिलं, ‘मेंबर्स हू सेव्ह ओन्ली कॅन बॉरो’, तर तो ओन्ली पुन्हा बांधावर. ‘ओन्ली मेंबर्स हू सेव्ह’ म्हणजे बचत करणाऱ्याच सदस्या. ‘मेंबर्स हू ओन्ली सेव्ह’ म्हणजे ज्या नुसती बचत करतात, बाकी काही नाही. केवढा फरक! आणि हे मराठीतही घडतं बरं का. आमच्याच वहीत लिहिलेलं सापडलं, ‘फक्त बचत करणाऱ्या सदस्यांना कर्ज मिळेल.’ फक्त त्या सदस्यांना, की फक्त बचत करणाऱ्यांना? तिथे आम्ही ‘फक्त’ खोडून ‘बचत करणाऱ्याच सदस्यांना’ केलं. आपला ‘च’ फार गुणी आहे. ज्याला चिकटवाल त्यालाच घट्ट धरतो, शेजारी बघत नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, आता मोबाईलवर मराठी बोललं की इंग्रजी होऊन येतं, एवढं कशाला शिकायचं? येतं, आणि आम्हीही वापरतो. पण बैठकीत काय ठरलं होतं हे मोबाईलला माहीत नसतं. तो वाक्य देतो. ते वाक्य बांधावर उभं आहे का, हे आपल्यालाच बघावं लागतं.

परत आक्काकडे येऊ. कारण गोष्ट ‘रेग्युलरली’ पुढे घेतल्याने संपली नव्हती.

दुसऱ्या बैठकीला आम्ही दुरुस्त वाक्य घेऊन गेलो. आम्हाला वाटलं, झालं, आता अर्थ पक्का. आक्का आली होती. तिने वाक्य समजून घेतलं, मुलाकडून नाही, आमच्याकडून. मग म्हणाली, “शब्द तुम्ही हवा तिथं बसवा. पण नियमित म्हणजे काय ते मला सांगा. मी अकरा वर्षं पट्टा पडला की पहिल्या बैठकीला येते आणि सगळे पैसे दंडासकट भरते. एक वर्ष चुकले नाही. ऊस महिन्याच्या महिन्याला संपत नाही, मी काय करू? हे नियमित नाही तर काय आहे?”

कुणी बोललं नाही. गटाच्या सूत्रांत ‘नियमित’ शब्द आपण रोज म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पाचही बोटांवर नियमित. १९९२ साली नाबार्डने गट आणि बँक जोडायचं काम सुरू केलं, तेव्हापासून बँका गटात हेच बघत आल्या. आम्ही स्वतः नव्या गटांना शिकवायला जातो तेव्हा हेच सांगतो. पण जी बाई वर्षातले सहा महिने गावातच नसते, तिच्यासाठी याचा अर्थ काय, हे आम्ही एकदाही वहीत लिहिलेलं नव्हतं. आमच्या बाराजणींत तिघी ऊसतोडीला जातात. नियम लिहिला त्या दिवशी तिघीही फडात होत्या.

हे बोलायला जड जातं, पण सांगतो. पोराने दाखवलेला दुसरा अर्थ आम्ही मनात आणलेला नव्हता. पण जो अर्थ आमच्या मनात होता, तोही आम्ही पूर्ण ठरवलेला नव्हता. इंग्रजी वाक्य डळमळलं म्हणून तो उघडा पडला. वाक्य पहिल्यापासून नीट असतं तर आक्काला मागे ठेवून आम्ही निवांत झोपलो असतो.

त्या बैठकीत उशीर झाला. दोघींचं म्हणणं होतं, नियम तो नियम, सगळ्यांना सवलत दिली तर उद्या कुणीही म्हणेल मी वर्षाने भरते. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. गट असेच मोडतात, आम्ही पाहिले आहेत. दुसऱ्या म्हणाल्या, जाण्याआधी उचल मिळते तेव्हाच सहा महिन्यांची बचत भरून घ्या. आक्का म्हणाली, उचल येते तीच मुळात मागच्या देण्यात जाते, त्यातून सहाशे काढणं नाही होत. शेवटी ठरलं ते असं: ऊसतोडीला जाणाऱ्या सदस्येने जाण्यापूर्वी बैठकीत नाव नोंदवायचं. परत आल्यावर एका महिन्याच्या आत थकलेली बचत भरायची. त्या काळाचा दंड नाही. एवढं केलं तर ती नियमित भरणारीच धरायची.

मग इंग्रजी. या वेळी दोन वाक्यं केली, कारण एका वाक्यात सगळं कोंबायचा हट्टच मुळी नडला होता. ‘मेंबर्स हू रेग्युलरली पे देअर सेव्हिंग्ज विल गेट द फर्स्ट टर्न.’ आणि दुसरं, ‘मेंबर्स हू आर अवे फॉर केन कटिंग मे पे विदिन वन मंथ ऑफ देअर रिटर्न.’ संस्थेला पाठवण्याआधी आक्काच्या मुलाला बोलावून वाचायला दिलं. त्याला म्हटलं, यातून दुसरा अर्थ काढून दाखव. त्याने बराच वेळ प्रयत्न केला आणि कागद परत दिला.

त्या हंगामात आक्काचा नंबर मात्र चौथाच लागला. दोन बैठकांत पंधरा दिवस गेले होते आणि यंत्रावर दुसऱ्यांचं काम चालू होतं. तिच्या भावकीतल्या एका लग्नाचा पंधरा किलो मसाला दुसरीकडे गेला. ते तिचं नुकसान भरून देण्याचं आमच्या हातात काही नव्हतं. आम्ही तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, “पुढच्या वेळी नियम कुठल्याही भाषेत लिहा, पण मी गावात असताना लिहा.”

त्यानंतर आमच्याकडे नियम बदलायची बैठक वैशाखात होते, दिवाळीनंतर नाही.

तुमच्या गटात असा एखादा इंग्रजी कागद भिंतीवर किंवा फाईलमध्ये असेल, तर पुढच्या बैठकीला तो खाली काढा, ‘हू’ शोधा, आणि त्याच्या पुढचा छोटा शब्द कुणाच्या वावरात उभा आहे ते बघा. कळलं नाही तर केंद्रावर आणून द्या, आपण मिळून वाचू.